एसडीएन लॅपटॉपवर तपासताना: पिंगऑल पास म्हणजे नेटवर्क पास का?

जाईजुई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. हिंगणा रोडकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी नेटवर्क लॅब बघते. यंदा शेवटच्या वर्षाच्या बऱ्याच गटांनी सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग, म्हणजे एसडीएन, हा विषय घेतलाय. त्यांचे पहिले अहवाल वाचून झाले आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली, म्हणून इथे लिहितेय.

विषय नवा असलेल्यांसाठी थोडक्यात. नेहमीच्या नेटवर्कमधे पॅकेट कुठे पाठवायचं हे प्रत्येक स्विच स्वतःच ठरवतो. एसडीएनमधे हा निर्णय कंट्रोलर नावाच्या एका प्रोग्रामकडे असतो. स्विचकडे फक्त नियमांचा तक्ता असतो, तो फ्लो टेबल. नियम माहीत नसलेलं पॅकेट आलं की स्विच कंट्रोलरला विचारतो, कंट्रोलर नियम धाडतो. ही बोलणी ज्या भाषेत होतात त्या ओपनफ्लोचा पेपर स्टॅनफर्डच्या मंडळींनी २००८ साली आणला. आणि स्विच विकत न घेता हे सगळं एका लॅपटॉपवर करून बघायची सोय तिथल्याच लोकांनी २०१० साली दिली, ती म्हणजे मिनिनेट. नागपुरातल्या कोणत्याही साध्या लॅबला ही केवढी मोठी गोष्ट आहे! ओपनफ्लोवाल्या स्विचची किंमत बघून जो विषय आपण सोडून दिला असता, तो आज आठ जीबी रॅमवर चालतो.

मिनिनेटमधलं नेटवर्क चित्रातलं नसतं. लिनक्सच्या नेमस्पेस वापरून प्रत्येक होस्टला स्वतःचा नेटवर्क स्टॅक मिळतो, व्हीईथच्या जोड्या केबलचं काम करतात आणि मधे ओपन व्हीस्विच हा सॉफ्टवेअरमधला स्विच बसतो. एच१ वरून एच२ ला पिंग केलं की एआरपी, म्हणजे 'हा आयपी कोणाचा' ही हाक, खरी जाते आणि कंट्रोलरला पॅकेट-इन, म्हणजे 'या पॅकेटचं काय करू' हा स्विचचा संदेशही खराच मिळतो. तोच कंट्रोलर उद्या जसाच्या तसा खऱ्या स्विचला जोडता येतो.

आता खटकणारी गोष्ट. बहुतेक अहवालांत तीनच चित्रं आहेत: टोपोलॉजी, 'पिंगऑल, ० टक्के ड्रॉप' असा स्क्रीनशॉट (पिंगऑल म्हणजे प्रत्येक होस्टवरून बाकी सगळ्यांना पिंग), आणि आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामच्या थ्रूपुटचा आलेख. खाली निष्कर्ष: आमची पद्धत चालते आणि वेगवान आहे. यातलं 'वेगवान' तर टिकतच नाही. मिनिनेटमधे लिंकला बँडविड्थची मर्यादा घातली नाही तर आयपर्फ कित्येक गिगाबिटचा आकडा दाखवतो, कारण तिथे पॅकेट कुठल्या तारेवरून जातच नाही, मेमरीतल्या मेमरीत फिरतं. तो आकडा तुमच्या लॅपटॉपच्या सीपीयूचा असतो. मागे क्रोममधे दहा टॅब उघडे असले की आलेख बदलतो. पन्नास माणसांचा स्वयंपाक घरच्या कढईत करून चव नक्की बघता येते, पण लग्नात हजार पानं वाढायला किती वेळ लागेल ते त्या कढईवरून सांगता येत नाही. मिनिनेट चव सांगतं, म्हणजे तुमच्या कंट्रोलरचं लॉजिक बरोबर आहे की नाही ते.

आणि लॉजिकची परीक्षा सगळं सुरळीत असताना होत नाही. लिंक तुटल्यावर, कंट्रोलर मेल्यावर, टेबल भरल्यावर काय होतं? इथे कोणी अशा चाचण्या घेतल्या असतील तर लिहा. पोरांना हा धागाच वाचायला देणार आहे.

---

बजाजनगर

फार गरजेचा विषय. एक भर घालतो. ज्यांना वेळेबद्दलच प्रश्न विचारायचाय, म्हणजे विलंब, रांगा, गर्दी वगैरे, त्यांनी एनएस-३ या सिम्युलेटरकडे वळावं. त्यात घड्याळ आभासी असतं. नेटवर्कमधला एक सेकंद मोजायला प्रोग्रामला अर्धा तास लागला तरी निकालात तो एकच सेकंद असतो. त्यामुळे सीपीयू कमी पडला म्हणून उत्तर चुकत नाही, आणि यादृच्छिक आकड्यांचं तेच बीज (सीड) दिलं की तोच निकाल पुन्हा येतो. बदल्यात काय गमावतो? तुमचा खरा कंट्रोलर आणि लिनक्सचा खरा स्टॅक सहसा त्यात नसतो, त्यांचं मॉडेल असतं. मिनिनेटमधे कोड खरा पण वेळेवर भरवसा नाही, एनएस-३ मधे वेळ नीट पण कोड मॉडेलचा. प्रश्न आधी ठरवा आणि मग साधन निवडा. पोरं उलटं करतात.

२०१२ मधे मिनिनेटच्याच लोकांनी हाय-फाय नावाची आवृत्ती मांडली होती. प्रत्येक होस्टला सीपीयूचा ठरावीक वाटा द्यायचा, लिंकला मर्यादा घालायची, आणि प्रयोग चालू असताना यंत्र ओव्हरलोड झालं का यावर नजर ठेवायची. स्टॅनफर्डच्या नेटवर्किंगच्या वर्गात विद्यार्थी त्यावर छापून आलेल्या पेपरांचे निकाल पुन्हा काढून बघत. आपल्याकडे हे का करू नये? नवा विषय शोधण्यापेक्षा एक जुना आलेख स्वतः काढून दाखवणं मला जास्त मोलाचं वाटतं.

---

फायनलइयर_नागपूर

जाई मॅम, आमचा गट हेच करून राहिला आहे. तीन स्विचची रिंग, प्रत्येकाला एक होस्ट, कंट्रोलर रियू. नुसता लर्निंग स्विच (कोण कुठल्या पोर्टवर आहे ते शिकणारा, माहीत नसेल तर सगळीकडे पाठवणारा) रिंगमधे चालत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. एक एआरपी ब्रॉडकास्ट गेला की तो गोल गोल फिरतच राहतो, इथरनेटला टीटीएल, म्हणजे पॅकेटच्या उड्यांची मर्यादा, नाही ना. म्हणून आम्ही एलएलडीपीवरून (लिंक ओळखायला एका स्विचमधून पलीकडच्या स्विचकडे धाडलेली पॅकेट) टोपोलॉजी काढून सर्वांत जवळचा मार्ग शोधणारं ॲप लिहिलं, आणि एआरपीचं उत्तर कंट्रोलरच देतो.

आम्ही लिंक तोडूनपण बघितली. प्रॉम्प्टवर 'लिंक एस१ एस२ डाउन' दिलं की एखाद-दोन पिंग हुकतात आणि लगेच एस३ वरून सुरू होतं. म्हणजे फेल्युअर टेस्ट पास म्हणायची का?

---

खामला_चौक

भाऊ, ॲप चांगलं लिहिलंय, पण लिंक अशी मरत नाही.

मी एका मोठ्या कॅम्पसचं नेटवर्क सांभाळतो. दोन इमारतींमधे फायबर, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल कॉपरवर आणणारी डबी), आणि तिथून स्विचपर्यंत साधी कॉपर केबल. आपल्या शहरात सिमेंट रोडचं काम निघालं की फायबर कधी जेसीबीच्या दातात जाईल याचा नेम नाही. एकदा तसंच झालं. फायबर तुटला, पण स्विच आणि कन्व्हर्टर यांच्यातली कॉपर केबल धडधाकट होती. त्यामुळे स्विचच्या पोर्टचा हिरवा दिवा जळतच राहिला. स्विचच्या लेखी लिंक चालू, आणि पलीकडे एक पॅकेट पोचत नव्हतं. फायबर तुटला की कॉपरची बाजूही खाली पाडायची, याला लिंक फॉल्ट पास-थ्रू म्हणतात. काही कन्व्हर्टरमधे ती सोय असते. आमच्याकडच्यांत नव्हती.

तुम्ही 'लिंक डाउन' देता तेव्हा मिनिनेट दोन्ही टोकांचे इंटरफेस खाली पाडतं. स्विच लगेच कंट्रोलरला पोर्ट-स्टेटस कळवतो, कंट्रोलर लगेच मार्ग बदलतो. हे सगळ्यात सभ्य मरण झालं. खऱ्या मरणासाठी इंटरफेस चालू ठेवायचा आणि पॅकेट गिळून टाकायची. लिनक्सच्या टीसी या रहदारी नियंत्रणाच्या कमांडमधे नेटेम आहे त्यासाठी:

टीसी क्यूडिस्क रिप्लेस डेव्ह एस१-ईथ२ रूट नेटेम लॉस १००%

नेटेम फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर चालतं हे ध्यानात ठेवा. एका टोकाला लावलं तर एकाच दिशेने लिंक मेली. दोन्ही टोकांना लावलं तर पूर्ण मेली. दोन्ही करून बघा आणि काय होतं ते इथे लिहा. फायबरच्या जोडीतला एकच धागा जाणं काही दुर्मिळ नाही.

---

मानेवाडा

मस्त धागा. वाचतोय.

---

तुळशीबाग_रोड

मधेच विचारतेय, माफ करा. माझं रियू चालूच होऊन नाही राहिलं. इव्हेंटलेटमधून 'ऑलरेडी हँडल्ड' इम्पोर्ट होत नाही असा एरर येतो.

---

बजाजनगर

@तुळशीबाग_रोड, इव्हेंटलेटची नवी आवृत्ती रियूला चालत नाही. वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून त्यात ०.३०.२ टाका. रियूवर आता फारसं काम होत नाही. ओपनस्टॅकवाल्यांनी त्याचीच शाखा ओएस-केन नावाने चालू ठेवली आहे, नवीन काम सुरू करायचं असेल तर ती बघा.

---

फायनलइयर_नागपूर

दादा, करून बघितलं. दोन्ही टोकांना नेटेम लावलं तेव्हा पिंग थांबली, दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, मग आपोआप एस३ वरून सुरू झाली.

पण फक्त एस१-ईथ२ ला लावलं तर पिंग थांबली ती थांबलीच. पाच मिनिटं वाट बघितली. कंट्रोलरच्या लॉगमधे एस१ ते एस२ लिंक डिलीट झाल्याचं दिसतं, तरी मार्ग बदलत नाही. काही समजून नाही राहिलं.

---

जाईजुई

छान! म्हणजे निकाल वाईट आहे, पण प्रयोगाने हेच दाखवायला हवं होतं. आता अंदाज बांधत बसू नकोस, स्विचलाच विचार. पिंग चालू ठेवून एस१ वर ओव्हीएस-ओएफसीटीएलचं डंप-फ्लोज (स्विचमधले नियम दाखवणारी कमांड) दे. थोडं थांबून पुन्हा दे. मग एस२ वर तसंच. प्रत्येक नियमापुढे एन-पॅकेट्सचा आकडा असतो, फक्त तो बघ. एच१ ते एच२ च्या नियमाचा आकडा एस१ वर वाढतोय का? आउटपुट कुठल्या पोर्टला आहे? त्याच नियमाचा आकडा एस२ वर हलतोय का?

दहा-पंधरा सेकंदांचं कारण सांगते. पोर्ट खाली पडला नाही म्हणजे कंट्रोलरला कळायचा एकच मार्ग उरतो, पाठवलेला एलएलडीपी पलीकडे न पोचणं. रियूच्या मूळ कोडमधे लिंकचा टाइमआउट १० सेकंदांचा आहे आणि तपासणी दर ५ सेकंदांनी होते. तेवढा वेळ सगळी रहदारी खड्ड्यात जाते. अहवालात हा आकडा लिहा. थ्रूपुटच्या आलेखापेक्षा त्याला जास्त अर्थ आहे, कारण तो तुमच्या लॅपटॉपवर अवलंबून नाही, तुमच्या डिझाइनवर अवलंबून आहे.

---

फायनलइयर_नागपूर

मॅम, एस१ वर आकडा दर सेकंदाला एकने वाढून राहिला, आउटपुट पोर्ट २. एस२ वर तोच आकडा जिथल्या तिथे. म्हणजे एस१ अजून मेलेल्या लिंकवरच ढकलून राहिला.

---

जाईजुई

बरोबर. म्हणजे नियम बदललाच नाही, आणि तो बदलला नाही कारण तुमच्या ॲपने नवा मार्ग काढला तोही जुनाच निघाला. तुमच्या कोडमधे ग्राफ कसा बांधलाय? माझी शंका अशी: रियूमधे प्रत्येक लिंक एकदिश असते. एस१ ते एस२ ही एक, एस२ ते एस१ ही दुसरी. पहिली डिलीट झाली, पण दुसऱ्या दिशेचा एलएलडीपी अजून येतोय, म्हणून दुसरी जिवंत आहे. घटना आली की तुम्ही लिंकांची यादी नव्याने मागवत असाल आणि ती नेटवर्कएक्स या पायथॉन लायब्ररीच्या साध्या, दिशा नसलेल्या ग्राफमधे भरत असाल, तर उरलेल्या एका दिशेमुळे ती कडा पुन्हा उभी राहते. ॲपला वाटतं रस्ता आहे.

दोन उपाय आहेत. एक, दिशा असलेला ग्राफ घ्या. दुसरा, जो मी निवडेन: दोन्ही दिशा हजर असतील तरच लिंक धरा. एका बाजूने मेलेल्या फायबरवर उरलेल्या बाजूची रहदारी चालू ठेवण्यात काही शहाणपण नाही.

बघा, हा दोष पिंगऑलने कधीच सापडला नसता. 'लिंक डाउन'नेही नाही.

---

खामला_चौक

अगदी अगदी. आणि हा दोष खऱ्या कॅम्पसवर सापडला असता तर कंट्रोलरचा डॅशबोर्ड दाखवत राहिला असता की मार्ग उपलब्ध आहे, आणि इकडे फोनवर फोन.

---

जुना_टेलिफोनवाला

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. तुमचं सगळं कळतं असं नाही, पण धागा आवडीने वाचतोय. आमच्या सी-डॉटच्या, म्हणजे देशी बनावटीच्या, एक्स्चेंजमधे महत्त्वाचे प्रोसेसर जोडीने असायचे. एक काम करायचा, दुसरा तयार उभा. आमची सगळ्यात मोठी धास्ती तीच, की एकाकडून दुसऱ्याकडे जाताना काय होईल. तुम्ही सगळा निर्णय एका कंट्रोलरकडे नेला म्हणता. तो बंद पडला तर? ही चाचणी कोणी घेतली का?

---

जाईजुई

काका, नेमका प्रश्न विचारलात. मलाही याच प्रश्नाची सगळ्यात जास्त काळजी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओपन व्हीस्विचला कंट्रोलर गेल्यावर वागायच्या दोन तऱ्हा (फेल-मोड) आहेत. सिक्युअर म्हणजे आहेत ते नियम चालू ठेव, नवीन काही ठरवू नकोस. स्टँडअलोन म्हणजे थोडा वेळ कंट्रोलरची वाट बघ आणि मग साध्या लर्निंग स्विचसारखं वाग. गंमत अशी की मिनिनेट आपले स्विच सिक्युअरमधे उभे करतं, पण ओपन व्हीस्विचची स्वतःची मूळ सेटिंग स्टँडअलोन आहे. म्हणजे मिनिनेटमधे जे बघितलं ते बाहेर तसंच होईल असं धरून चालता येत नाही. ही सेटिंग स्क्रिप्टमधे स्वतः लिहायची.

आता रिंगचा विचार करा. कंट्रोलर चालू होता तोवर तो मार्ग ठरवत होता, म्हणून रिंग असूनही काही फिरत नव्हतं. कंट्रोलर मेला. स्विच स्टँडअलोनमधे असतील तर प्रोबच्या, म्हणजे 'कंट्रोलर जिवंत आहे का' या विचारणेच्या, ठरलेल्या वेळेच्या तिप्पट वाट बघतात, मूळ सेटिंगवर सुमारे १५ सेकंद, आणि मग तिन्ही लर्निंग स्विच होतात. स्पॅनिंग ट्री (रिंगमधली एक कडा बंद ठेवणारा प्रोटोकॉल) चालू नसेल तर पुढच्या पहिल्या एआरपीला ब्रॉडकास्टचं वादळ. म्हणजे 'कंट्रोलर गेला तरी नेटवर्क चालू राहावं' म्हणून निवडलेली सेटिंगच सगळं नेटवर्क पाडते. लॅबमधे हे आवर्जून करून बघा. दुसऱ्या टर्मिनलवर टॉप चालू ठेवा, सीपीयू कसा भडकतो ते डोळ्यांनी दिसेल. झाल्यावर 'सुडो एमएन -सी' देऊन साफ करा.

सिक्युअरमधे वादळ होत नाही, पण तिथे वेगळी परीक्षा आहे. नियमांना आयडल टाइमआउट (काही वेळ न वापरलेला नियम पुसला जाणं) असेल तर जोडण्या एकेक करून विझत जातात. टाइमआउट नसेल तर जुन्या चालत राहतात, नव्या होत नाहीत, आणि तेवढ्यात लिंक तुटली तर सावरायला कोणी नाही. तुमच्या जोडीच्या प्रोसेसरसारखं इथेही ओनॉस आणि ओपनडेलाइट हे कंट्रोलर एकापेक्षा जास्त यंत्रांवर मिळून चालवता येतात. पण मग 'एकाकडून दुसऱ्याकडे जाताना काय होईल' हा तुमचाच प्रश्न पुन्हा तपासावा लागतो.

---

जुना_टेलिफोनवाला

समजलं. धन्यवाद. यंत्रं बदलली, धास्ती तीच राहिली.

---

बजाजनगर

खऱ्या हार्डवेअरबद्दल एक सांगायचं राहिलं. ओपन व्हीस्विच सॉफ्टवेअर आहे, रॅम आहे तोवर नियम भरत जातो. खऱ्या स्विचमधे ओपनफ्लोचे नियम टीकॅम नावाच्या महाग मेमरीत बसतात आणि ती थोडकीच असते. २०११ च्या डेव्होफ्लो पेपरमधे त्यांनी मोजलेल्या एका स्विचवर सुमारे १५०० नियम मावत होते, आणि सेकंदाला २७५ च्या आसपासच नवे फ्लो उभे करता येत होते. आजचे स्विच सुधारलेत, पण दर जोडणीमागे एक नियम टाकणारं ॲप मिनिनेटमधे बिनतक्रार चालतं आणि हार्डवेअरवर तोंडावर पडू शकतं. ओपन व्हीस्विचच्या फ्लो टेबलला कमाल मर्यादा घालता येते. ती मुद्दाम लहान ठेवून ॲप टेबल-फुलचा एरर कसा हाताळतं ते बघा.

मोठ्या कंपन्याही असंच करतात. मायक्रोसॉफ्टने २०१७ साली क्रिस्टलनेटचा पेपर मांडला. त्यात त्यांच्या चालू नेटवर्कची नक्कल क्लाउडवर उभी करतात, स्विचचं खरं फर्मवेअर आणि खरी कॉन्फिगरेशन घेऊन, आणि बदल आधी तिथे करून बघतात. आपल्याला त्या वाटेने थोडं जायचं तर कंटेनरलॅब आहे, स्विचचं सॉफ्टवेअर कंटेनरमधे चालवणारं साधन. नोकियाच्या एसआर लिनक्स या स्विच-सॉफ्टवेअरची इमेज फुकट मिळते.

---

फायनलइयर_नागपूर

मॅम, ग्राफचीच भानगड होती. दोन्ही दिशा असतील तरच कडा जोडायची असं केलं. आता एका बाजूने मारलं तरी दहा-पंधरा सेकंदांत पिंग परत येते. कंट्रोलर मारूनपण बघितला. स्टँडअलोनला लॅपटॉप अडकून बसला, सिक्युअरमधे जुन्या पिंग चालू राहिल्या.

एक विचारायचं होतं. ते दहा सेकंद कमी करायला एलएलडीपीचा टाइमआउट दोन सेकंदांवर आणला तर? आणि फास्ट फेलओव्हर ग्रुप वापरला तर?

---

जाईजुई

टाइमआउट कमी करता येईल, पण दोन गोष्टी जपून. तपासणी दर ५ सेकंदांनी होते तीही कमी करावी लागेल, आणि किती एलएलडीपी हुकल्यावर लिंक मेली धरायची तो आकडाही. आणि लॅपटॉपवर आयपर्फ चालू असताना एलएलडीपी उशिरा पोचतात, चांगली लिंकही मेलेली दिसते आणि मार्ग उगाच मागेपुढे उड्या मारतो. तेव्हा रिकाम्या यंत्रावर आणि भरलेल्या यंत्रावर, दोन्हीकडे बघ.

फास्ट फेलओव्हर ग्रुपमधे स्विच कंट्रोलरला न विचारता दुसऱ्या पोर्टवर जातो, म्हणून फार जलद. पण तो पोर्टची अवस्था बघून ठरवतो. खामला चौकांच्या कन्व्हर्टरसारखा हिरवा दिवा जळत असेल तर त्यालाही काही कळत नाही. त्यासाठी दोन स्विचमधे बीएफडी (एकमेकांना सतत 'आहेस का' विचारणारा प्रोटोकॉल) चालू करून बघ, ओपन व्हीस्विचमधे ती सोय आहे. 'लिंक डाउन', दोन्ही बाजूंनी नेटेम, एका बाजूने नेटेम, या तिन्हींत किती पिंग हुकल्या याचा एकच तक्ता कर: आधी नुसता एलएलडीपी, मग ग्रुप, मग ग्रुप आणि बीएफडी. परीक्षकांसमोर तेवढा एक तक्ता पुरेल.

---

खामला_चौक

स्क्रिप्ट इथे टाकशील का भाऊ? आमच्या कॅम्पसचा आराखडा त्यात भरून बघायचाय. कन्व्हर्टरची नवी खरेदी निघतेय, लिंक फॉल्ट पास-थ्रू असलेलेच घ्या हे वरिष्ठांना पटवायला असा तक्ता हातात हवा.

---

फायनलइयर_नागपूर

टाकतो दादा, रविवारपर्यंत. नेटेम लावणं-काढणं आणि पिंग मोजणं आपोआप होईल असं करून राहिलो.

---

जाईजुई

टाक. सोबत कर्नल, ओपन व्हीस्विच आणि पायथॉनच्या आवृत्त्या लिही, फेल-मोड कुठला ठेवलास तेही. मी आमच्या लॅबमधल्या दुसऱ्या यंत्रावर चालवून बघते आणि आकडे जुळले की नाही ते इथेच लिहिते.